विंडोज १० गेलं, मिंट आलं: वाय-फाय, प्रिंटर आणि 'दुसऱ्या'मधला ऱ्या

पानमांडणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. घरचा लॅपटॉप पाचव्या पिढीच्या आय-थ्रीचा आहे. विंडोज ११ ला किमान आठवी पिढी लागते, त्यामुळे तो रस्ता बंद. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले. एका दुकानदाराने सरळ "भंगारात काढा" असा सल्ला दिला. पण रॅम ८ जीबी, एसएसडी टाकलेला, कीबोर्ड ठणठणीत. भंगारात का म्हणून? दिवाळीला भाचा आला होता, त्याने लिनक्स मिंट २२ (सिनॅमन) ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली आणि विंडोजही शेजारी राहू दिलं. भाचा आता परत बंगळुरूला आणि मी इथे सदाशिव पेठेत.

मी घरून डीटीपी आणि मुद्रितशोधनाची कामं घेते, बाबा (वय ७६) याच लॅपटॉपवर लेख टाइप करतात. अडलेल्या गोष्टी अशा: वाय-फायचं चिन्हच दिसत नाही, सध्या मोबाइल केबलने जोडून नेट वापरतेय. लेझर प्रिंटर पहिल्या दिवशी झकास चालला, दुसऱ्या दिवसापासून ढिम्म. काम 'प्रोसेसिंग' दाखवतं आणि कागद काही सरकत नाही. डी ड्राइव्हमधल्या फायली उघडतात पण सेव्ह होत नाहीत. विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मराठी टायपिंग. 'दुसऱ्या' लिहायला गेलं की 'दुसर्या' उमटतं, बाबा वैतागलेत.

टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) भीती नाही, पण काय टाइप करतोय ते कळल्याशिवाय करणार नाही.

फेडोराप्रेमी

मिंट कशाला? फेडोरा टाका, तेही लिनक्सच. नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा), नवं सगळं. निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

टर्मिनलवाला

@फेडोराप्रेमी, वाय-फायचं चिन्ह दिसत नसलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करायला लावू नका. आणि चिप मला वाटतेय तीच असेल तर फेडोरावर तर आरपीएम फ्यूजन हे बाहेरचं सॉफ्टवेअर-भांडार जोडण्यापासून सुरुवात.

ताई, एक करा. मेनूत 'सिस्टिम रिपोर्ट्स' उघडा, 'सिस्टिम इन्फर्मेशन'मधली माहिती कॉपी करा आणि इथे चिकटवा. किंवा टर्मिनलमध्ये आयएनएक्सआय, एक स्पेस आणि -एफएक्सझेड (एफ कॅपिटल, बाकी लहान, कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत). शेवटचा झेड विसरू नका, त्याने मॅक ॲड्रेससारखी खासगी माहिती झाकली जाते. 'वाय-फाय चालत नाही' एवढ्यावर फक्त अंदाज बांधता येतो. चिपचं नाव कळलं की उत्तर बहुधा एका ओळीचं असतं.

घड्याळाचं आत्ताच सांगून टाकतो. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात भारतीय वेळ आहे असं धरून चालतं, लिनक्स तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं. दोघांत साडेपाच तासांचा फरक, म्हणून तुमचं घड्याळ नेमकं तेवढंच हलतंय. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या, लिनक्स विंडोजसारखं वागेल. उद्या विंडोज काढून टाकलंत तर तीच कमांड १ च्या जागी ० लिहून द्यायची.

सहज_सुचलं

डी ड्राइव्हला टर्मिनलमधून सीएचमॉड ७७७ मारा. सगळ्या परवानग्या मिळतात. मी नेहमी हेच करतो.

टर्मिनलवाला

कृपया असं करू नका. एक तर केवळ-वाचन म्हणून जोडलेल्या ड्राइव्हवर ती कमांडच चालणार नाही. दुसरं, चुकून स्लॅशवर म्हणजे मूळ फोल्डरवर चालवली तर सगळी सिस्टिम आडवी होते.

खरं कारण विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'. विंडोज 'शट डाउन' म्हणतं तेव्हा पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह स्वतःच्या ताब्यात ठेवतं. लिनक्सला ते कळतं, म्हणून लिहायला नकार देऊन नुसतं वाचू देतं. तुमच्याच फायली खराब होऊ नयेत म्हणून. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'पॉवर बटण काय करतं' असा दुवा आहे, तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढा आणि पूर्ण शट डाउन करा.

पानमांडणी

घड्याळ आणि डी ड्राइव्ह, दोन्ही मार्गी लागलं. आभार! माहिती चिकटवतेय. मला समजलेला भाग एवढाच: नेटवर्कमध्ये 'ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२' आणि त्यापुढे 'ड्रायव्हर: एन/ए'. प्रिंटर 'लेझरजेट १०२०'.

टर्मिनलवाला

वाटलंच होतं. ४३१४२ साठी कर्नलमध्ये चालणारा मुक्त ड्रायव्हर नाही, ब्रॉडकॉमचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो. मोबाइल जोडलेला ठेवा, मेनूत 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, तिथे ब्रॉडकॉमची नोंद दिसेल, ती निवडून ॲप्लाय. (मोबाइल नसता तरी अडलं नसतं. ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं तो खोचला की ड्रायव्हर मॅनेजर तो ड्रायव्हर त्यातूनच उचलतो.)

आता जिथे लोक अडकतात ती जागा. सिक्युअर बूट (अनोळखी ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा) चालू असेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड विचारतील. तो तुमचा लॉगिन पासवर्ड नाही, तात्पुरता आहे. आठवेल असा द्या, कागदावर लिहा. रीस्टार्ट झाल्यावर निळा स्क्रीन येईल, त्यात 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो स्क्रीन जेमतेम काही सेकंद थांबतो. लोक तेवढ्यात चहा टाकायला जातात, परत येईपर्यंत लॅपटॉप सुरू झालेला असतो, वाय-फाय नसतंच आणि मग "ड्रायव्हर टाकूनही चालत नाही" म्हणून नवा धागा. हुकलाच तर मोक्युटिल नावाच्या कमांडने किल्ली पुन्हा नोंदवता येते, तेव्हा सांगीन.

हे करण्याआधी टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट (सिस्टिमच्या आजच्या स्थितीची प्रत) घ्या. ते लिनक्सच्या पार्टिशनवरच घ्यावं लागतं, डी ड्राइव्हसारख्या एनटीएफएसवर (विंडोजच्या पद्धतीच्या ड्राइव्हवर) चालत नाही. आणि टाइमशिफ्ट तुमच्या लेखांचा बॅकअप घेत नाही, फक्त सिस्टिमचा घेतं. बाबांचे लेख वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा.

झेरॉक्सवाला_बिबवेवाडी

१०२० चं मी बोलतो. दुकानात हेच मशीन वर्षानुवर्षं आहे, १२ए टोनर कुठेही रिफिल होतो म्हणून. आमच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे.

ताई, एक प्रश्न. पहिल्या दिवशी चाललं तेव्हा तुम्ही आधी विंडोजमध्ये होतात का? आणि प्रिंटरचं बटण बंद न करता लॅपटॉप रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलात का?

पानमांडणी

हो! विंडोजमध्ये जागा ट्रान्सफर फॉर्मचं प्रिंट काढलं होतं आणि मग रीस्टार्ट. तुम्हाला कसं कळलं?

झेरॉक्सवाला_बिबवेवाडी

कारण हे मशीन बंद केलं की सगळं विसरतं. त्याच्या आत स्वतःचं फर्मवेअर (मशीन चालवणारा प्रोग्राम) साठवलेलं नसतं. दर वेळी बटण चालू केलं की कॉम्प्युटरने ते यूएसबीतून पाठवायचं, मग मशीन जागं होतं. त्या दिवशी विंडोजने पाठवलं होतं, तुम्ही बटण बंद केलं नाहीत, म्हणून लिनक्समधूनही छान निघालं. रात्री बटण बंद झालं, सकाळी फर्मवेअर पाठवणारं कोणी नाही. मशीन बिघडलेलं नाही, कोणी ड्रम बदला म्हणालं तर ऐकू नका.

मिंटने आपलं आपण जो प्रिंटर जोडला त्यात 'फू-टू-झेडजेएस' नावाचा ड्रायव्हर लागला असणार. तो छापायचं जाणतो, पण फर्मवेअर त्याच्यासोबत येत नाही. तुम्हाला एचपीलिप (एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर) आणि त्याचं प्लगिन हवं. एचपीलिप मिंटमध्ये आधीच असतं. क्रम असा: 'प्रिंटर्स'मध्ये जाऊन जुनी नोंद डिलीट. टर्मिनलमध्ये 'एचपी-प्लगिन -आय' (मध्ये डॅश, एक शब्द, मग स्पेस आणि डॅश आय). ते डाउनलोड करायचं का विचारेल, डी दाबा, परवाना मान्य करा, पासवर्ड द्या. मग 'एचपी-सेटअप -आय', यूएसबी निवडा, ड्रायव्हर विचारला तर ज्याच्यापुढे एचपीकप्स लिहिलंय तो. आता प्रिंटर बंद करून चालू करा. थोडं घर्र केलं की समजा फर्मवेअर चढलं.

आणि हे लिहून ठेवा. प्लगिनची आवृत्ती आणि एचपीलिपची आवृत्ती तंतोतंत एकच लागते. कधी अपडेटमध्ये एचपीलिप पुढे गेलं की प्लगिन मागे राहतं आणि प्रिंटर परत गप्प. घाबरायचं नाही, 'एचपी-प्लगिन -आय' पुन्हा द्यायचं.

नारायणपेठी_नाना

वा! याला म्हणतात निदान. मशीनला हात न लावता.

जुने दिवस आठवले. पीसीक्वेस्टच्या अंकासोबत लिनक्सची सीडी यायची, ती मिळवायला अप्पा बळवंत चौकाच्या आसपास वणवण. मग उबुंटूच्या शिपइटवाल्या फुकट सीड्या पोस्टाने यायला लागल्या, २०११ मध्ये तेही बंद झालं. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपची मंडळी भेटायची. मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या कॉम्प्युटर संस्थेत ग्नूनिफाय नावाचं मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन व्हायचं, तिथे एकाच बाकावर कॉलेजची पोरं आणि आमच्यासारखे केस पिकलेले. तेव्हा मोडेम चालवणं हाच पुरुषार्थ.

तेव्हाही 'कोणतं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) भारी' यावर रात्र-रात्र जागवायचे लोक. घरोघरी लिनक्स टिकलं किंवा गेलं ते मात्र प्रिंटर आणि मराठी या दोन गोष्टींवर. माझ्या ओळखीत जेवढे परत विंडोजकडे गेले, त्यातला एकही कर्नल जुना आहे म्हणून गेला नाही.

फेडोराप्रेमी

नाना, मान्य. पण नव्या हार्डवेअरवर नव्या कर्नलचा फरक पडतोच. आणि लोहित फॉन्ट रेड हॅटमुळेच (फेडोरामागची कंपनी) सगळ्यांना खुले मिळाले, त्याचं श्रेय द्या की :)

नारायणपेठी_नाना

दिलं. २०११ पासून ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. पण ताईंचा लॅपटॉप नवा नाही हो.

आडवाटेचा

धागा हायजॅक करतोय, माफी असावी. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान वाजतात, पण मीटिंगमध्ये माइक सुरू केला की आवाज टेलिफोनच्या जमान्यातला. ड्रायव्हर कोणता टाकू?

टर्मिनलवाला

कोणताच नाही. हेडफोनचा माइक वापरला की ब्लूटूथ हेडसेट प्रोफाइलवर जातं, त्यात दोन्ही बाजूंचा आवाज मिळतो पण दर्जा पडतो. साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा आणि हेडफोनचं प्रोफाइल ए-टू-डीपी (गाण्यांसाठीचं) ठेवा. पुढची चर्चा नव्या धाग्यात.

पानमांडणी

वाय-फाय आलं!! निळा स्क्रीन दिसला, पासवर्ड कागदावर होता. चहा नंतर टाकला.

प्रिंटरही. बटण बंद-चालू, बंद-चालू करून पाहिलं, दर वेळी घर्र आणि पान बाहेर. झेरॉक्सवाले दादा, बिबवेवाडीला आले की दुकानात डोकावणारच.

आता मराठी. भाच्याने कीबोर्ड सेटिंगमध्ये 'मराठी कागापा, फोनेटिक' लावलंय. मी आजवर गमभनच्या पद्धतीने (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून) लिहीत आलेय, बाबा टाइपरायटरवाले. आम्हा दोघांना त्यात काहीच सापडत नाही.

अक्षरओळख

या विषयाची वाट बघत होतो.

लिनक्समध्ये मराठी दोन ठिकाणांहून येतं आणि गोंधळ तिथेच होतो. एक म्हणजे साधा कीबोर्ड लेआउट, भाच्याने लावला तो. यात एक बटण म्हणजे एकच अक्षरसंकेत. हलका, वेगवान, पण क्ष, ज्ञ, श्र यांसारखी जोडाक्षरं एका बटणात येत नाहीत. ती क, हलंत, ष अशी जोडावी लागतात. 'मायकल' लिहायला एम-ए-वाय दाबत जाणाऱ्यांची गमभन पद्धत त्यात बसतच नाही, कारण तिथे आधी काय दाबलं ते लक्षात ठेवून अक्षर बदलावं लागतं. त्यासाठी दुसरी वाट, इनपुट मेथड.

मेनूत 'इनपुट मेथड' उघडा. त्यात आयबस निवडा, सांगेल ती पॅकेजेस टाका. शिवाय सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'आयबस-एम१७एन' आहे ना ते बघा. लॉग आउट करून परत या, ही पायरी गाळली तर काहीच दिसत नाही. मग आयबस प्रेफरन्सेसमध्ये ॲड, भाषा मराठी. यादीत इन्स्क्रिप्ट, इन्स्क्रिप्ट२, आयट्रान्स, फोनेटिक, रेमिंग्टन, टाइपरायटर आणि चक्क गमभन दिसेल. तुम्ही गमभन घ्या, बाबांना टाइपरायटर किंवा रेमिंग्टन, दोन्ही लावून त्यांना हात फिरवू द्या. सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) आणि स्पेस दाबलं की पद्धत बदलते. भाच्याने लावलेला कागापा लेआउट मात्र काढून टाका आणि मूळ लेआउट इंग्रजीच ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आता 'ऱ्या'. 'सूर्य'मध्ये र् नंतर य आला की रफार होतो, ते बरोबर आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'पुढाऱ्यांनी' यांत मात्र रफार नको, पापणीसारखा आडवा र हवा. युनिकोडमध्ये (अक्षरांच्या संकेतांची जगभर एकच पद्धत) त्यासाठी नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आहे. ऱ, हलंत, य असं लिहिलं की ऱ्य. इन्स्क्रिप्टमध्ये साधा र इंग्रजी जे वर आहे आणि ऱ शिफ्ट-जे वर. म्हणजे 'दुसऱ्या' हे ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. सात बटणं, एकदा बोटांत बसलं की विचार करावा लागत नाही.

इथे एक जुनं दुखणं आहे आणि मुद्रितशोधन करणाऱ्यांनी ते जाणून घ्यायलाच हवं. पूर्वी काही साधनं हाच आकार साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा शून्यरुंदी जोडक घालून काढायची. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण आत संकेत वेगळे, म्हणून तुम्ही 'दुसऱ्या' शोधलंत तर जुन्या पद्धतीने लिहिलेले 'दुसऱ्या' सापडतच नाहीत. लेखकांकडून आलेल्या फायलींत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. उपाय सोपा आहे. लिबरऑफिसच्या शोधा-बदला खिडकीत, जुन्या मजकुरातला तो तुकडा कॉपी करून 'शोधा'मध्ये चिकटवा, 'बदला'मध्ये नवीन ऱ्य लिहा, सगळीकडे बदला. काम हातात घेतल्यावर पहिल्यांदा हेच करा.

पानमांडणी

हे सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखं आहे. शोधल्यावर न सापडणारे शब्द हा माझा रोजचा त्रास, कारण आज कळलं.

पण लिबरऑफिसमध्ये फॉन्टचं काय गौडबंगाल आहे? मी शैलीत मुक्ता फॉन्ट आणि १४ आकार दिला. मराठी मजकूर जसाच्या तसा, फक्त इंग्रजी शब्द बदलले.

अक्षरओळख

ते गौडबंगाल नाही, वेगळं खातं आहे. लिबरऑफिस पाश्चात्त्य लिपी आणि देवनागरीसारख्या 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (सीटीएल) लिपींचा फॉन्ट, आकार, भाषा सगळं वेगळं ठेवतं. टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या विभागात जा. तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर खूण करा आणि त्याची भाषा मराठी निवडा. आता शैलीच्या फॉन्ट पानावर त्या लिपीसाठी वेगळी जागा दिसेल, मुक्ता आणि १४ तिथे द्या. लिबरऑफिस रायटरच्या मूलभूत फॉन्टमध्येही सीटीएलचं वेगळं पान असतं, एकदाच तिथे भरलंत की प्रत्येक नव्या फाइलला परत करावं लागत नाही.

मुक्ताखेरीज आयआयटी मुंबईचा शोभिका पुस्तकी मजकुराला चांगला दिसतो. फॉन्टची फाइल होम फोल्डरमध्ये .लोकल/शेअर/फॉन्ट्समध्ये टाकली की पुरे. टिंबाने सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात, कंट्रोल-एच दाबा.

झेरॉक्सवाला_बिबवेवाडी

यात दुकानदारांचीही एक भर घाला. प्रिंटला फाइल देताना पीडीएफ करूनच द्या. ओडीटी किंवा डॉक घेऊन आलात आणि आमच्याकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. मग गिऱ्हाईक म्हणतं तुमचं मशीन खराब.

पानमांडणी

शेवटचा मोठा डोंगर. माझ्याकडे वर्षानुवर्षांच्या कामांच्या फायली आहेत. काही वर्डमध्ये सुरेख फॉन्टमधल्या, काही पेजमेकरमधल्या श्रीलिपीच्या. मिंटमध्ये उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ.

अक्षरओळख

ती भेळ म्हणजेच फाइलमधला खरा मजकूर आहे. त्या काळच्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेला असायचा. फॉन्ट काढला की खाली इंग्रजी उघडं पडतं. तुमच्याकडे परवान्यासह विकत घेतलेली फॉन्टची फाइल असेल तर ती वर सांगितलेल्या फोल्डरमध्ये टाका, जुना मजकूर वाचता येईल. पण तो युनिकोड होणार नाही, शोधता येणार नाही. पुन्हा वापरायचा असेल तर परिवर्तक वापरून युनिकोड करा. परिवर्तन झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि ऱ्य या तीन जागा डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टांत वेलांटी अक्षराआधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते, तिथेच परिवर्तक घसरतात.

पेजमेकरच्या फायली लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून बघा. ६ आणि ७ आवृत्तीच्या बऱ्याचशा उघडतात. मांडणी हलते, मजकूर मात्र हाती लागतो. नव्या कामांसाठी स्क्रायबस (पानमांडणीचं मुक्त सॉफ्टवेअर) पाहा, पण १.६ मालिकाच घ्या. १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट जुळायची नाहीत, लोकांनी तेव्हाच नाव टाकलं आणि परत बघितलंच नाही.

श्रीलिपीवरच ज्यांचं रोजचं काम अडतं त्यांना मी विंडोज काढा म्हणत नाही. शेजारी असू द्या.

सीए_सिंहगडरोड

अनुमोदन. माझ्याकडे टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन यांच्यासाठी एक विंडोज मशीन वेगळं ठेवलंय, बाकी ऑफिस मिंटवर. सगळं एकाच ठिकाणी बसवण्याच्या हट्टात मार्चअखेर घालवण्यापेक्षा हे परवडतं.

फेडोराप्रेमी

स्क्रायबस १.६ जानेवारी २०२४ ला आलं. फेडोरात... जाऊ दे, काही बोलत नाही.

नारायणपेठी_नाना

:))

पानमांडणी

बाबांनी टाइपरायटर पद्धत लावून आज पानभर लिहिलं. वेग परत आलाय, आधी कुरकुर चालली होती ती बंद. फक्त त्यांचं म्हणणं, एक-दोन चिन्हं त्यांच्या जुन्या मशीनवर जिथे होती तिथे नाहीत. गोदरेजच्या मशीनवर शिकलेले आहेत, मराठी ४० ची परीक्षा दिलेली, ऐकणार नाहीत. यावर काही करता येतं का की त्यांची समजूत घालू?

नारायणपेठी_नाना

समजूत नका घालू, आम्ही म्हातारे ऐकत नाही.

अक्षरओळख

समजूत घालायची गरजच नाही. एम१७एनच्या या सगळ्या पद्धती साध्या मजकूर-फायली आहेत, नावाच्या शेवटी टिंब एमआयएम. मूळ फायली यूएसआर/शेअर/एम१७एन मध्ये असतात. त्यातली 'एमआर-टाइपरायटर' नावाची फाइल होम फोल्डरमध्ये .एम१७एन.डी नावाचं फोल्डर बनवून तिथे कॉपी करा आणि टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. आत एकेका ओळीत कंसात डावीकडे दाबायचं बटण आणि उजवीकडे उमटणारं अक्षर. बाबांना हव्या त्या दोन ओळींतली उजवीकडची अक्षरं अदलाबदल करा, कंस आणि अवतरणचिन्हं जशीच्या तशी राहू द्या. होम फोल्डरमधली प्रत मूळ फाइलच्या आधी वाचली जाते, त्यामुळे अपडेट आला तरी तुमचा बदल टिकतो.

पानमांडणी

उघडली. खरंच वाचता येतेय! बाबा खुर्ची ओढून शेजारी बसलेत आणि कुठलं चिन्ह कुठे हवं ते सांगतायत. दोनाची यादी आता सातावर गेलीय. सेव्ह केलं, पण बदल दिसत नाही. लॉग आउट करावं लागेल?

टर्मिनलवाला

नाही. टर्मिनलमध्ये 'आयबस रीस्टार्ट' एवढंच. आणि यादी सातावरून पुढे गेली तर फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर टाकून ठेवा, पुढच्या लॅपटॉपवर हीच फाइल चालेल.